शुभाताईने गौरी हलवल्या

हॅनोव्हर स्टेशनच्या बाहेर घोड्यावर बसलेल्या राजाचा पुतळा आहे. तिथली माणसं एकमेकांना त्या घोड्याच्या शेपटीखाली भेटायला बोलावतात. शनिवारी सकाळी मी येनाहून पोचले तेव्हा शेपटीखाली अन्वी उभी होती. शुभाताईची मुलगी. वय अकरा. हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून वर आलेली लाल देठांची पानं.

"आई कुठे आहे?"

"तुर्की बाजारात. अजून भाज्या कमी पडतायत," ती जर्मनमध्ये म्हणाली.

मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. आमचं पहिल्यापासून असंच आहे. जर्मनीत आले तेव्हा मी भाषेच्या क्लाससाठी हॅनोव्हरला होते आणि शुभाताईच्या मागच्या खोलीत राहत होते. नंतर साहित्य शिकायला येनाला गेले. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "आठ महिने राहिलीस आणि शहर बघितलंच नाहीस. क्लास आणि माझा सोफा, एवढंच केलंस. ये एखाद्या शनिवार-रविवारी. गौरींना ये."

शहर दाखवायचं काम अन्वीवर सोपवलेलं होतं. ते तिला अजिबात आवडलेलं नव्हतं.

फूटपाथवर एक लाल रेघ रंगवलेली आहे. ती धरून चाललं की शहरातलं सगळं पाहण्यासारखं दिसतं. अन्वी रेघेवरून भराभरा चालत होती. एका चर्चपाशी थांबली. चर्चला छप्पर नव्हतं. भिंती होत्या, खिडक्यांच्या कमानी होत्या, आत गवत आणि आकाश. बॉम्ब पडले तेव्हाचं ते तसंच ठेवलं आहे. आत एक जपानी घंटा आहे, हिरोशिमाहून आलेली.

"वाजवतात का ही?"

"वर्षातून एकदा. शाळेतून जावंच लागतं."

मग टाउन हॉल. आत काचेखाली शहराच्या चार प्रतिकृती आहेत. जुनं शहर, युद्धाआधीचं शहर, युद्धानंतरचं शहर आणि आजचं. तिसऱ्या प्रतिकृतीसमोर मी बराच वेळ उभी होते. घरांच्या नुसत्या भिंती. वरून बघताना रिकाम्या पोळ्यासारखं दिसत होतं, मधमाश्या निघून गेलेल्या. अन्वीने काचेवर बोट ठेवलं.

"आमचं घर इथे. म्हणजे इथे काहीच नाही. तर, युद्ध संपलं, मग सगळं परत बांधलं. आता आइस्क्रीम?"

मला तेव्हा तेच खरं वाटलं. युद्ध संपलं, परत बांधलं, आता ते काचेखाली आहे.

घरी पोचलो तर शुभाताई जमिनीवर बसून गौरींना साड्या नेसवत होती. कमरेइतक्या उंचीच्या दोघी, पितळी मुखवट्यांच्या. धडासाठी तिने दोन जुन्या उभ्या दिव्यांचे स्टँड वापरले होते. त्यातला एक दिवा माझ्या खोलीत असायचा, तो मी ओळखला. मुखवटे मात्र कऱ्हाडच्या घरातले. सासूबाईंच्या सासूबाईंच्या आधीपासूनचे.

"आलीस? निऱ्या धर. नाही, वरून धर. साहित्य शिकलीस, साडी नाही शिकलीस."

शुभाताई सदतीस वर्षांची आहे. इचलकरंजीची. बी.कॉम. झाली, लग्न झालं, आणि कपिल नावाच्या मेकॅनिकल इंजिनियरबरोबर इथे आली. पहिली काही वर्षं तिने स्वयंपाक केला, अन्वीला वाढवलं, जर्मन शिकली. मग एका ऑक्टोबरात कपिल ऑफिसच्या जिन्यात बसला तो उठला नाही. लोकांना वाटलं, ती सामान बांधून परत जाईल. तिचं सामान बांधायला मदत करू म्हणून दोन बायका आल्यासुद्धा. तिने त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "मी ट्राम चालवायला शिकतेय."

पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. दुसऱ्या वेळी पास झाली. आता ती शहरात ट्राम चालवते. पहाटेची पाळी असली की चारला उठते. तिच्याबरोबर राहताना मी एकदा विचारलं होतं, एवढी मोठी गाडी, भीती नाही वाटत? ती म्हणाली, "दारं बंद झाली का बघायचं. मग पुढे बघायचं. मागचं आरशात दिसतं तेवढं पुरे."

गौरींचं मला फोनवर अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं तिने निऱ्या घालताना सांगितलं.

कऱ्हाडच्या घरी आता सासूबाईंना उभं राहवत नाही. त्या मुलीकडे राहायला गेल्या. गौरी पुढच्या पिढीकडे द्यायच्या होत्या. रीत अशी की गौरी थोरल्या सुनेकडे जातात. थोरली सून शुभाताई. पण गौरींचं सगळं सवाष्णीने करायचं, हीही रीतच. धाकटा दीर श्रीरंग जर्मनीतच, दक्षिणेला एर्लांगेनला असतो. त्याचं म्हणणं, गौरी मीनलकडे, म्हणजे त्याच्या बायकोकडे याव्यात.

"आणि तुझ्या सासूबाई काय म्हणाल्या?"

"आई म्हणाल्या, तुम्ही दोघं ठरवा." शुभाताईने तोंडातली पिन काढून पदराला लावली. "मी म्हटलं, यंदा मी करते. काही कमीजास्त झालं तर घेऊन जा. नीट झालं तर इथेच राहतील. भावजी बरं म्हणाले. आज येतायत दोघं. बघायला."

"परीक्षाच आहे की."

"हो. आणि या परीक्षेला दुसरी वेळ नाही."

श्रीरंग आणि मीनल दुपारी गाडीने आले. श्रीरंग उंच, कपिलच्या फोटोसारखाच. वागायला मऊ. आल्या आल्या त्याने अन्वीला पुस्तकं दिली, भाज्यांच्या पिशव्या आत नेल्या, गळणारा नळ बघितला. मग हात पुसत म्हणाला, "वहिनी, गौरी मीनल आत आणेल. तुम्ही ताट धरा."

"ताट मैथिली धरेल," शुभाताई म्हणाली.

मी ताट धरलं.

दारापासून कुंकवाची पावलं काढलेली होती. शुभाताईने थोरल्या गौरीला उचललं आणि उंबऱ्यावर उभी राहिली. आतून मीनलने विचारलं, "कोण आलं?"

"गौराई आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी आली."

असं विचारत विचारत गौरींना सगळं घर दाखवतात. हे स्वयंपाकघर. ही अन्वीची खोली, पसारा बघू नका. ही बाल्कनी, इथे थंडी असते. शुभाताई गौरीला कडेवर घेऊन खरंच बोलत होती. कपिलच्या टेबलापाशी क्षणभर थांबली. 

धाकटीही आत आली. दोघी उभ्या राहिल्या. मीनल हळद-कुंकवाची वाटी घेऊन पुढे झाली, तेवढ्यात घरातले सगळे फोन एकदम किंचाळले.

सरकारी इशारा होता. श्रीरंगने वाचला. आमच्या घरामागे नव्या इमारतीसाठी खणताना अमेरिकन बॉम्ब सापडला होता. न फुटलेला, अडीचशे किलोचा. उद्या सकाळी नऊपर्यंत आजूबाजूच्या सगळ्या रस्त्यांवरची घरं रिकामी करायची. शेवटचा माणूस बाहेर पडल्याशिवाय बॉम्बला हात लावणार नाहीत. किती वेळ लागेल ते सांगता येत नाही.

"परत?" अन्वी म्हणाली. तिला भीती नव्हती. कंटाळा होता. या शहरात हे होतच असतं. ऐंशी वर्षं झाली, तरी जमीन खणली की युद्ध वर येतं. लोक सँडविच बांधून घेतात आणि दिवसभर कुठेतरी जाऊन बसतात.

श्रीरंग मात्र पांढरा पडला होता. तो खुर्चीवर बसला.

"बघा, वहिनी."

"काय बघू?"

"उद्या पूजा आहे, नैवेद्य आहे. घरात गौरी असताना घर बंद करत नाहीत. आणि बसवलेल्या गौरी हलवत नाहीत. दोन्ही जमणार नाही. मग काय राहिलं?"

"बॉम्ब मी नाही टाकला, भावजी."

"मी तसं म्हटलं का? पण असं आजच का व्हावं?"

 मग तो खाली बघत म्हणाला, "दादा गेला त्या वर्षी कऱ्हाडला गौरी उभ्या राहिल्या नव्हत्या. लॉकडाउन होता. आईने पाटावर नुसते मुखवटे ठेवले. विसरलात?"

तेव्हा मला त्याचं कळलं. तो रीतीसाठी भांडत नव्हता. त्याला आणखी कुणी जायला नको होतं.

शुभाताईलाही ते कळलं असावं. ती त्याच्यासमोर स्टुलावर बसली. "तुमचं म्हणणं काय आहे ते सांगा."

"आत्ताच निघू. गाडीत मागे दोघींना नीट ठेवू. उद्याचं मीनल एर्लांगेनला करेल. तुम्हीही चला, अन्वीलाही घ्या."

"आणि मग गौरी तिथेच राहतील."

श्रीरंगने गाडीची किल्ली बोटात फिरवली.

"म्हणजे हलवायला चालतं," शुभाताई म्हणाली. "फक्त एर्लांगेनच्या दिशेने."

मीनलला हसू आलं. तिने ते दाबलं.

मी म्हटलं, "इथल्या मराठी मंडळातल्या कुणाकडे जाऊया का? शहराच्या दुसऱ्या टोकाला बरीच घरं आहेत. एक दिवसाचा तर प्रश्न."

शुभाताईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "कपिल गेल्यापासून त्यातल्या एकाही घरातून मला हळदीकुंकवाला बोलावणं आलेलं नाही. सगळ्या चांगल्या आहेत. भाजी आणून देतात, अन्वीला सांभाळतात. पण त्या दिवशी बोलवत नाहीत. मी त्यांच्या दारात गौरी घेऊन उभी राहू?"

 आठ महिने त्या घरात राहूनही मला हे माहीत नव्हतं.

ती उठली. चण्याची डाळ भिजत घातली होती तिच्यावरचं झाकण काढून बघितलं.

"गौरी आपल्याबरोबर येतील. लोक जिथे जाऊन बसणार आहेत तिथे. शाळेच्या जिममध्ये."

"जिममध्ये?" श्रीरंग म्हणाला.

"त्या माहेरवाशिणी आहेत. घरातली माणसं जीव घेऊन बाहेर पडली आणि लेकींना आत कोंडलं, असं कुठल्या माहेरी करतात ते सांगा. मग मी नाही हलवणार."

श्रीरंगने बायकोकडे बघितलं. मीनल भाज्या धूत होती. पाणी जोरात सोडलेलं होतं.

रविवारी शुभाताई पहाटेच्या पाळीला उठते तशी उठली. मी उठले तेव्हा पुरण शिजून वाटून झालं होतं. मीनल लाटत होती, शुभाताई भाजत होती. अळूच्या जागी लाल देठांची पानं होती. सोळा भाज्या कशाबशा भरल्या होत्या, त्यात ब्रोकोलीसुद्धा होती. "गौरी जर्मनीला आल्यात. त्यांनाही कळायला हवं," शुभाताई म्हणाली. खाली पोलिसांची गाडी भोंगा लावून फिरत होती. घरं सोडा, खिडक्या बंद करा, शेजाऱ्यांची विचारपूस करा.

श्रीरंग शेवटपर्यंत म्हणत होता की त्याच्या गाडीतून जाऊ. पण त्याच्या गाडीने कुठे जायचं, हे तो बोलत नव्हता. शुभाताईने डबे भरले. एक गौर तिने उचलली, दुसरी मी.

गौर जड होती. स्टँडला पोटाशी धान्याची पिशवी बांधलेली होती. जिन्यातून उतरताना मुखवटा माझ्या गालाला लागत होता. पितळ थंडगार होतं. मला पावलांखालचं काही दिसत नव्हतं. मागून मीनल सांगत होती, "अजून एक. अजून एक. आता सपाट."

खालच्या मजल्यावर फ्राऊ वीखमान दार उघडून उभ्या होत्या. एकट्या राहतात. नव्वदीला आलेल्या. शुभाताईच्या फोडणीच्या वासाबद्दल तक्रार करणाऱ्या. त्यांच्यासमोर चाकांचा वॉकर होता, इथले म्हातारे लोक ढकलत चालतात तसला, मध्ये बसायला सीट असलेला. त्यांनी मला आणि गौरीला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"ही कोण?"

"आमच्याकडे पाहुण्या आल्यात," शुभाताई म्हणाली.

"तिला चालता येत नाही?"

"आज नाही."

फ्राऊ वीखमाननी वॉकर पुढे ढकलला. "मग इथे बसवा. मुलीला धरून मी चालते. मला माझी बॅग तेवढी हवी." त्यांची बॅग लहान होती. भरलेलीच असावी. धाकटी गौर वॉकरच्या सीटवर उभी राहिली, ओढणीने बांधली. अन्वी एका हाताने वॉकर ढकलत होती, दुसऱ्या हाताला म्हातारी. कोपऱ्यावरच्या पोलिसाने सगळ्यांना जाऊ दिलं. गौरीकडे बघून त्याने नुसती मान हलवली. कदाचित त्या दिवशी त्याने यापेक्षा विचित्र काही पाहिलं असेल. एक माणूस मत्स्यटाकी घेऊन चालला होता.

श्रीरंग आमच्या मागून येत होता. गाडी त्याने घरापाशी ठेवली नव्हती, हद्दीबाहेर लावून परत आला होता. त्याच्या हातात पुरणपोळ्यांचा डबा होता. तो त्याला कुणी दिला ते मी पाहिलं नाही.

शाळेकडे नेणाऱ्या पालिकेच्या बसमध्ये फ्राऊ वीखमान माझ्या शेजारी बसल्या. मी विचारलं नव्हतं तरी त्या म्हणाल्या, "आम्ही शिवणयंत्र नेलं होतं. त्रेचाळीस साली. बाबागाडीत घालून. आई मला चालवत होती, यंत्राला बाबागाडी." मग काही वेळाने, "घर गेलं. यंत्राने पोट भरलं." मग त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. 

शाळेची जिम मोठी होती. लाकडी जमीन, बास्केटबॉलच्या जाळ्या, भिंतीला चढायच्या लाकडी पट्ट्या. ओळीने बाकं आणि टेबलं. रेडक्रॉसची मुलं वाटाण्याचं सूप वाढत होती. कुत्री होती, बाळं होती, पत्ते खेळणारे म्हातारे होते. चढायच्या पट्ट्यांपाशी एक कोपरा रिकामा होता. शुभाताईने तिथे चटई टाकली आणि दोघींना उभं केलं. थोरली जरा डावीकडे कलत होती. तिने पट्टीला टेकवून बघितली.

समई बाहेर काढली तसा रेडक्रॉसचा दाढीवाला मुलगा धावत आला. येन्स असं त्याच्या छातीवर लिहिलं होतं. आत काहीही पेटवायचं नाही. अलार्म वाजेल, सगळ्यांना परत बाहेर काढावं लागेल.

"दिव्याशिवाय पूजा?" श्रीरंग हळूच म्हणाला.

शुभाताईने समई परत पिशवीत ठेवली. "दिव्याशिवाय जेवता येतं. नुसत्या दिव्याने पोट भरत नाही."

मग तिने पूजा केली. फुलं, हळद, कुंकू. कुंकवाची वाटी हातात घेतली तेव्हा श्रीरंग म्हणाला, "मीनल."

मीनल उभी राहिली. वाटीकडे बघितलं, शुभाताईकडे बघितलं. "वहिनींनी पुरण वाटलं, साड्या नेसवल्या, जिन्यातून उचलून आणलं. आता नेमकं एवढंच मी करू? मला लाज वाटेल, श्रीरंग," असं म्हणून ती परत खाली बसली.

शुभाताईने दोन्ही गौरींना कुंकू लावलं.  मी बघत होते.

ताट वाढलं. दोन पानं. पुरणपोळी, वर तूप, भाजी, कढी, वरणभात, कुरडई. पाणी ठेवलं. आणि तिथे शुभाताई अडकली. कालपासून पहिल्यांदाच.

त्यांच्या घरी नैवेद्य दाखवला की सगळे खोलीबाहेर जातात. दार लावून घेतात. माहेरवाशीण सासरी कुणाच्या नजरेसमोर पोटभर जेवलेली नसते. इथे तरी तिला कुणी बघत बसू नये. ती जेवते तेवढा वेळ घरात कुणी बोलतसुद्धा नाही. ही रीत शुभाताईला फार प्रिय होती. माझ्याकडे तिने कधीतरी एवढंच सांगितलं होतं की लग्नानंतर पहिल्या वर्षी ती त्या बंद दाराबाहेर रडली होती.

जिमला दार होतं, पण जिममध्ये सगळं गाव बसलेलं होतं. आणि आता सगळं गाव आमच्या कोपऱ्याकडेच बघत होतं. पत्ते थांबले होते. दोन-तीन फोन वर झाले होते.

"आता काय?" श्रीरंग म्हणाला. टोमणा नव्हता. त्यालाही खरंच कळत नव्हतं.

शुभाताईने पदर खोचला. एका बाकावर चढली. मोठ्याने, स्वच्छ आवाजात म्हणाली, "प्रिय प्रवासी हो!"

रोज ट्राममध्ये माइकवर जे म्हणते तेच तोंडातून गेलं. जिम हसली. ती लाल झाली, पण उतरली नाही.

"माफ करा. या दोघी आमच्या घरच्या लेकी आहेत. वर्षातून एकदा माहेरी येतात. आज त्यांचं जेवण होतं, आणि आपण सगळे इथे आलो. कुणी बघत असेल तर त्या जेवत नाहीत. माझ्याकडे दार नाही लावायला. तुम्ही थोडा वेळ पलीकडच्या भिंतीकडे तोंड करून बसाल का? बोलू नका. झालं की मी सांगते."

कुणी हललं नाही. मला वाटलं, संपलं.

मग खुर्ची घासल्याचा आवाज आला. फ्राऊ वीखमान आपली खुर्ची फिरवत होत्या. त्यांना ती उचलत नव्हती. त्यांनी ती तशीच करकरत ओढली आणि आमच्याकडे पाठ करून बसल्या. वर ओरडल्या, "काय बघताय? बाई जेवतेय!"

खुर्च्या वळायला लागल्या. एक, मग चार, मग मोजता येईनात. बाकं उचलून फिरवली. पत्तेवाल्या म्हाताऱ्यांनी पत्ते उलटे ठेवले आणि वळले. एका माणसाने फोन खाली केला नाही. येन्स त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. मग तोही वळला. बाळाच्या आईने बाळाला खांद्यावरून मांडीवर घेतलं, त्याचंही तोंड फिरलं.

श्रीरंग अजून गौरींसमोर उभा होता. मला सोडलं तर सगळ्या जिममध्ये तो एकटाच तिकडे तोंड करून. मीनलने त्याची बाही ओढली. तो वळला.

मग मीही वळले. म्हणून पुढचं मी पाहिलेलं नाही.

समोर पिवळी भिंत होती. माणसांनी भरलेली एवढी मोठी जागा इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती. कुणीतरी खोकला दाबला. एका कुत्र्याची साखळी वाजली. मग लांबून एक धप्प आवाज आला. जमिनीतून पायांत आला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

बाळ रडायला लागलं. फ्राऊ वीखमानचे दोन्ही हात कानांवर गेले. अन्वीने जाऊन त्यांना मागून धरलं. येन्सच्या वायरलेसवर कुणीतरी बोललं. त्याने आम्हाला अंगठा दाखवला. बॉम्बपासून सुटा केलेला फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारा खटका, बाजूला नेऊन उडवला होता. सगळं ठीक होतं. आता घरी जाता येणार होतं.

तरीही कुणी मागे वळलं नाही. येन्सने जाहीरसुद्धा केलं नाही. तो नुसता शुभाताईच्या सांगण्याची वाट बघत उभा होता.

"झालं," शेवटी शुभाताईचा आवाज आला. "आभार. आता वळलात तरी चालेल."

टाळ्या झाल्या. त्या बॉम्बसाठी होत्या की गौरींसाठी ते सांगता येणार नाही.

प्रसाद सगळ्यांना पुरणार नव्हताच. मीनलने पोळ्यांचे बोटाएवढे तुकडे केले आणि ताट घेऊन फिरली. लोक विचारत होते, आत काय आहे? ती सांगत होती, डाळ. गोड डाळ? गेनाऊ, अगदी तेच. फ्राऊ वीखमाननी तुकडा खाल्ला आणि म्हणाल्या, हा वास जिन्यात येतो त्यापेक्षा चव बरी आहे.

श्रीरंग बाकावर बसून राहिला होता. हातात फोन.

"आईचा आहे," तो शुभाताईला म्हणाला. "काय सांगू?"

"जे झालं ते सांगा."

त्याने स्पीकर लावला आणि सगळं सांगितलं. बॉम्ब, जिना, वॉकर, बिनदिव्याची पूजा. कुंकू कुणी लावलं, तेही सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. शेवटी म्हणाला, "आणि सगळे पाठ करून बसले, आई. सगळे. परके लोक."

 त्याने फोन शुभाताईच्या बाजूला धरला.

"शुभे," सासूबाई म्हणाल्या.

"हो, आई."

"दोघी पोटभर जेवल्या?"

"जेवल्या."

"मग ठरवायचं काय राहिलंय? श्रीरंगा, पुढच्या वर्षी आदल्या दिवशीच जा तिथे. सोळा भाज्या आयत्या वेळी एकटीने होत नाहीत. विळी घेऊन जा."

"आई, तिकडे विळी..."

"मग सुरी घेऊन जा. आणि व्हिडिओ लाव, मला बघू दे."

श्रीरंगने फोन गौरींसमोर धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, त्याने ते पुसलं नाही, कारण दोन्ही हातांत फोन होता.

"थोरली कलतेय," फोनमधून आवाज आला. "किती वेळची उभी आहे तशी? सरळ करा तिला."

शुभाताई उठली. तिने थोरलीला दोन्ही हातांनी धरून सरळ केलं, लांब जाऊन बघितलं, परत येऊन जरासं फिरवलं. मग डब्यातून एक थाळी काढली आणि सकाळपासून पहिल्यांदाच स्वतःला वाढून घेतलं.